अहिल्याबाई होळकर आणि वेरूळचें कुंड

गेल्या पौष महिन्यांत नववीच्या विद्यार्थ्यांस घेऊन आम्ही वेरूळास गेलों होतों. लेणीं पाहून झाल्यावर, ऊन कलतां कलतां, आम्ही सर्व मंडळी गांवांतील शिवालय तीर्थ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कुंडाच्या कांठीं येऊन बसलों. कैलास लेण्याविषयींचे मुलांचे प्रश्न संपले होते, पाय दुखूं लागले होते, आणि बरोबर आणलेलें पिण्याचें पाणीहि संपलें होतें. तेव्हां एका विद्यार्थ्यानें कुंडांतील हिरवट पाण्याकडे बोट दाखवून विचारलें, कीं हें पाणी पितां येईल काय. आम्हीं अर्थातच त्यास मनाई केली. त्यावर त्याचा दुसरा प्रश्न आला, कीं पितां येत नसेल तर इतका दगड घडवून आणि इतक्या पायऱ्या बांधून हें कुंड कोणीं व कशासाठीं नीट केलें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत देतां आलें. दुसऱ्याचें उत्तर तेथें बसून चार वाक्यांत देण्यासारखें नव्हतें, म्हणून तें येथें लिहीत आहों.

वेरूळ हें छत्रपती शिवाजीमहाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांच्या घराण्याचें गांव. येथील घृष्णेश्वराचें देऊळ मालोजीराजांनीं दुरुस्त केलें. पुढें अठराव्या शतकांत मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई व त्यांच्यामागून त्यांच्या सूनबाई अहिल्याबाई यांनीं देवळाच्या बांधकामास हात घातला. कुंडाचा जीर्णोद्धार अहिल्याबाईंचा आहे. चारी बाजूंनीं पायऱ्या उतरत गेल्या आहेत आणि मध्यें लहान लहान आठ देवळ्या आहेत. पाहणाऱ्याची नजर त्या देवळ्यांवर जाते. परंतु आमच्या मतें खरा विचार पायऱ्यांचा केला पाहिजे, आणि तो पुढें येईल.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजीं चौंडी या गांवीं झाला. हें गांव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील जामखेड तालुक्यांत आहे. तो सगळा प्रदेश कमी पावसाचा, कुसळी गवताचा व मेंढपाळांचा. वडील माणकोजी शिंदे हे गांवचे पाटील होते. मुलींस अक्षरओळख करून देण्याची चाल नसतांहि त्यांनीं आपल्या मुलीस लिहावयास व वाचावयास शिकविलें. १७३३ सालीं मल्हाररावांचे एकुलते एक चिरंजीव खंडेराव यांच्याशीं तिचा विवाह झाला. त्या वेळीं तिचें वय अवघें आठ वर्षांचें होतें. त्या काळाची रीत तशीच होती. तिचें समर्थन आम्ही करीत नाहीं.

या विवाहानें मल्हाररावांस खरी लेक मिळाली असें म्हटलें तर चालेल. खंडेराव १७५४ सालीं कुंभेरीच्या वेढ्यांत तोफेचा गोळा लागून पडले. अहिल्याबाई तेव्हां एकोणतीस वर्षांच्याहि पुऱ्या झाल्या नव्हत्या. त्या सती जाण्यास निघाल्या असतां वृद्ध सासऱ्यांनीं त्यांस काकुळतीनें परावृत्त केलें. ज्या घरांतील इतर स्त्रिया त्याच दिवशीं चितेवर चढल्या, त्या घरांत एक स्त्री मागें राहिली, आणि पुढच्या चाळीस वर्षांचा इतिहास त्या एका गोष्टीनें बदलला. मल्हाररावांनीं तिला केवळ जगविलें नाहीं, तर कामास लाविलें. स्वतः मोहिमेवर असतांना दौलतीचा हिशेब, फौजेची रसद आणि तोफखान्याची तयारी हीं सर्व कामें ते सुनेवर सोंपवीत. १७६५ सालच्या त्यांच्या पत्रांत तोफा व दारूगोळा यांची व्यवस्था करण्याविषयींच्या सूचना आहेत. पुढें ज्यांनीं विहिरी बांधल्या, त्यांनीं अगोदर तोफा ओतविल्या होत्या, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस बहुधा ठाऊक नसते.

२० मे १७६६ रोजीं मल्हारराव वारले. त्यांचे नातू मालेराव गादीवर आले. परंतु एक वर्ष पुरें होण्यापूर्वींच, १७६७ सालीं, ते आजारानें मरण पावले. न्यायासाठीं आईनें पोटच्या मुलास देहदंड दिला अशी एक कथा कीर्तनांतून व शाळांतील नाट्यप्रवेशांतून सांगितली जाते. ती ऐकावयास रोमांचकारी असली तरी खरी नव्हे, आणि ज्या मातेनें पुत्रशोक भोगला तिच्यावर तिचा भार घालूं नये.

आतां घरांत पुरुष वारस उरला नाहीं असें पाहून दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनीं असा बेत केला, कीं कोणी तरी लहान मूल दत्तक घ्यावें आणि कारभार आपल्या हातीं ठेवावा. त्यांनीं राघोबादादांस फौजेसह माळव्यांत बोलाविलें. अहिल्याबाईंनीं दत्तकास नकार दिला, शिंदे, भोसले, गायकवाड या सरदारांस पत्रें धाडलीं, स्वतःची फौज सज्ज केली आणि थोरल्या माधवराव पेशव्यांकडे न्याय मागितला. पेशव्यांनीं कौल त्यांच्या बाजूनें दिला. राघोबादादांनीं आपण केवळ दुखवट्यास आलों असें सांगून वेळ निभावून नेली. तेथून पुढें १७९५ पर्यंत राज्य अहिल्याबाईंचें, आणि फौजेचें काम तुकोजी होळकरांचें, अशी वांटणी चालली. तुकोजी वयानें त्यांच्याच बरोबरीचे होते, तथापि ते त्यांस मातोश्री म्हणत.

नर्मदेच्या कांठीं महेश्वर येथें त्यांनीं आपलें ठाणें केलें. सर जॉन माल्कम हे इंग्रज अधिकारी १८१८ नंतर माळव्यांत होते. अहिल्याबाईंना प्रत्यक्ष पाहिलेलीं माणसें तेव्हां जिवंत होतीं. त्यांच्याकडे चौकशी करून माल्कमसाहेबांनीं १८२३ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. परक्या राज्यकर्त्याला पूर्वींच्या राज्यकर्त्याची स्तुति करण्याचें कांहीं कारण नसतें, म्हणून त्यांची साक्ष आम्ही वजनदार मानतों. त्यांनीं दिलेला दिनक्रम असा: पहांटेपूर्वीं उठणें, पूजा व दानधर्म, साधें शाकाहारी जेवण, थोडी विश्रांति, दुपारीं दोनपासून सूर्यास्तापर्यंत दरबार, आणि रात्रीं पुन्हां नऊपासून अकरापर्यंत कामकाज. फिर्यादी कोणीहि असो, त्यास भेटीची मोकळीक असे. निपुत्रिक विधवेची मालमत्ता सरकारजमा करण्याचा मोह त्यांनीं टाळला. डोंगरांतील भिल्ल वाटसरूंस लुटीत; त्यांचा बंदोबस्त त्यांनीं केवळ शस्त्रानें केला नाहीं, तर मालावर ठरीव अल्प पट्टी घेण्याचा त्यांचा जुना हक्क मान्य करून त्यांस पडीक जमिनी लावून दिल्या, आणि त्याबरोबर त्यांच्या हद्दींत चोरी झाल्यास भरपाईची जबाबदारीहि त्यांच्यावरच टाकली.

परंतु आज अहिल्याबाईंचें नांव जिभेवर येतें तें त्यांच्या बांधकामांमुळें. काशीविश्वेश्वराचें देऊळ १७८० मध्यें, गयेचें विष्णुपद १७८७ मध्यें, सोमनाथ, त्र्यंबकेश्वर, रामेश्वर, वेरूळ अशी ही यादी लांबच लांब आहे. यांतील बहुतेक स्थळें त्यांच्या राज्याबाहेरचीं होतीं. तेथून त्यांस कर मिळत नव्हता, सैनिक मिळत नव्हते, आणि तेथील रयत त्यांची नव्हती. शिवाय हा खर्च राज्याच्या तिजोरींतून झाला नाहीं. होळकर घराण्यांतील राण्यांच्या निर्वाहासाठीं खासगी नांवाची वेगळी जहागीर १७३४ पासून लावून दिलेली होती. गौतमाबाईंच्या मागून ती अहिल्याबाईंकडे आली, आणि तींतील पैसा दानधर्माकडे लागला. सरकारी द्रव्य व घरचें द्रव्य यांत रेघ ओढणें हें आजच्या अनेक पालकांना, विशेषतः ग्रामपंचायतींत बसणाऱ्यांना, सोपें वाटणार नाहीं. अठराव्या शतकांत तर ती रेघ बहुतेक ठिकाणीं नव्हतीच.

देवळांपेक्षांहि आम्हांस त्यांचीं पाण्याचीं कामें अधिक महत्त्वाचीं वाटतात. घांट, विहिरी, बारवा, कुंडें, धर्मशाळा, अन्नछत्रें हीं सर्व प्रवाशाच्या वाटेवरचीं कामें होत. त्या काळीं यात्रेकरू महिनेच्या महिने पायीं चालत. दिवसाची मजल पाण्यावरून ठरे. जेथें पाणी तेथें मुक्काम. एखादी विहीर आटली तर मजल दुप्पट होई, आणि म्हातारें माणूस किंवा तान्हें मूल वाटेंत दगावे. उन्हाळ्यांत रस्त्यांवर माणसें ठेवून वाटसरूंस पाणी पाजण्याची व्यवस्था अहिल्याबाईंनीं केली होती. इतकेंच नव्हे, तर महेश्वराच्या आसपास भर दुपारीं नांगरास जुंपलेल्या बैलांस थांबवून त्यांचे सेवक त्यांस पाणी पाजीत. हें वाचून शहरांतील मुलांस हसूं येईल. ज्यानें वैशाखांत तासाच्या शेवटीं धापा टाकणारा बैल पाहिला आहे तो हसणार नाहीं.

आतां पायऱ्यांकडे वळूं. वेरूळचा डोंगर काळ्या पाषाणाचा आहे. पूर्वजांनीं तो कोरून लेणीं केलीं हें सर्वांस ठाऊक आहे, पण तोच दगड पाण्याच्या बाबतींत मोठा कृपण आहे. पावसाचें पाणी त्यांतून सहज मुरत नाहीं. भेगांतून व मऊ थरांतून जें उतरेल तेवढेंच खालीं सांठतें. म्हणून आश्विनांत तुडुंब दिसणारी विहीर फाल्गुनांत खालीं जाते, आणि चैत्र-वैशाखांत तिचा तळ दिसतो. २०१६ सालीं लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें मुलांच्या पालकांना आठवत असेल. अशा प्रदेशांत पाण्याची पातळी जशी उतरेल तसें माणसास उतरतां यावें, दोर अपुरा पडूं नये, आणि एकाच वेळीं पुष्कळांस पाण्यापर्यंत पोंचतां यावें, यासाठीं पायऱ्यांची बारव हा उत्तम तोडगा होता. चारी बाजू चिऱ्यांनीं बांधल्यामुळें कड ढासळत नाहीं आणि मातीहि आंत येत नाहीं. वेरूळजवळच खुल्ताबादेस ज्याची कबर आहे त्या मलिक अंबरानें (मृत्यु १६२६) याच जिल्ह्यांत जमिनीखालून नहर नेऊन शहरास पाणी दिलें. तें काम स्थापत्यदृष्ट्या अधिक कौशल्याचें होतें, पण तें राजधानीसाठीं होतें. वाटेवरच्या गरिबास बारवच उपयोगी.

येथपर्यंत स्तुति झाली. पण एवढ्यावर थांबलों तर त्या विद्यार्थ्याच्या पहिल्या प्रश्नास आम्हीं दिलेलें उत्तर निराधार ठरेल. ज्या पायऱ्या सोय म्हणून बांधल्या, त्याच पायऱ्यांवरून रोगहि पाण्यांत उतरला. नारू हा शब्द आज मुलांना माहीत नाहीं, ही मोठी भाग्याची गोष्ट आहे. नारू झालेल्या माणसाच्या पायास फोड येई. आग शमविण्यासाठीं तो पाय पाण्यांत बुडवी, आणि त्या फोडांतून असंख्य सूक्ष्म अळ्या पाण्यांत सुटत. पाण्यांतील बारीक जीव त्या अळ्या गिळीत, आणि तेंच पाणी दुसरा कोणी प्याला कीं सुमारें एक वर्षानें त्याच्या पायांतून हातभर लांब सुतासारखा किडा बाहेर येई. तो काडीवर गुंडाळून रोज थोडा थोडा ओढावा लागे, आणि ऐन पेरणीच्या वेळीं शेतकरी अंथरुणास खिळे. पोहऱ्यानें शेंदण्याच्या विहिरींत कोणाचा पाय पाण्यास लागत नाहीं, बारवेंत लागतो. १९८३-८४ पासून सरकारनें नारूविरुद्ध देशभर मोहीम चालविली. पाणी फडक्यानें गाळण्यास शिकविलें, पाण्यांत औषध टाकलें, आणि पायऱ्यांच्या विहिरींच्या जागीं शेंदण्याच्या विहिरी व हातपंप केले. १९९६ नंतर भारतांत नारूचा रोगी आढळला नाहीं, व २००० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें हा देश नारूमुक्त झाल्याचें जाहीर केलें.

अहिल्याबाईंस याचा दोष देतां येत नाहीं. पटकीचा प्रसार पाण्यांतून होतो हें लंडनमध्यें डॉक्टर जॉन स्नो यांनीं दाखविलें तें १८५४ सालीं, आणि जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉक यांनीं कलकत्त्याच्या एका तलावाच्या पाण्यांत पटकीचा जंतु ओळखला तो १८८४ सालीं. अठराव्या शतकांत स्वच्छ पाणी म्हणजे डोळ्यांस निर्मळ दिसणारें आणि जिभेस गोड लागणारें पाणी, इतकाच अर्थ होता. मात्र एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली ती सांगून ठेवतों. रस्त्यावरची पाणपोई बारवेपेक्षां निर्धोक होती. तेथें रांजणावर माणूस बसलेला असे आणि तो ओगराळ्यानें वरून पाणी ओतीत असे. पिणाराचा हात रांजणांत जात नसे. ही रीत आरोग्याच्या ज्ञानांतून आलेली होती असें मात्र आम्हांस म्हणवत नाहीं.

याचें कारण असें, कीं वरून पाणी ओतण्याच्या रीतीमागें पुष्कळदा शिवाशीव होती. हें लिहितांना आम्ही तटस्थ नाहीं. आमच्याच घराण्यांतील वडील मंडळींस गांवच्या विहिरीवर चढूं दिलें जात नसे. कोणी दया येऊन ओंजळींत पाणी ओतील तेवढेंच मिळे, आणि कोणी न आल्यास ऊन डोक्यावर घेऊन वाट पाहावी लागे. अहिल्याबाईंच्या काळच्या विहिरी व कुंडें सर्वांसाठीं म्हणून बांधलीं गेलीं, परंतु त्या सर्वांत कोण कोण मोडत असे याचें उत्तर गांवोगांवच्या रूढीनें दिलें होतें, आणि तें उत्तर राणीच्या दानापेक्षांहि बळकट होतें. २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्यावर डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारों अनुयायांसह पाणी प्याले, तेव्हां कुठें या प्रश्नास तोंड फुटलें. अहिल्याबाईंच्या औदार्याबद्दल आमच्या मनांत जो आदर आहे तो हें लिहिल्यानें उणा होत नाहीं. तथापि आमच्या शाळेंतील निम्म्या मुलांच्या पणज्यांस त्या पायऱ्या उतरतां आल्या असत्या काय, हा प्रश्न टाळून त्यांचें चरित्र सांगणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं.

येथें एक योगायोग सांगितल्यावांचून राहवत नाहीं. अहिल्याबाईंचें जन्मगांव ज्या जामखेड तालुक्यांत आहे, त्याच तालुक्यांत १९७० सालीं डॉक्टर रजनीकांत आरोळे व डॉक्टर मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्यानें खेड्यांच्या आरोग्याचें काम सुरू केलें. दोघेहि वेल्लोर येथें शिकलेले. औषधें देऊन पाहिलें तरी तेच रोगी पुन्हां येतात, आणि त्यांचे बहुतेक आजार पाणी, अन्न व घाण यांतून उद्भवतात, हें ध्यानांत येतांच त्यांनीं दवाखान्याबाहेर पाऊल टाकलें. गांवांतील स्त्रियांसच, त्यांतहि अनेक निरक्षर व दलित स्त्रियांस, शिकवून त्यांनीं आरोग्यसेविका केलें. कूपनलिका घेतांना शक्य तेथें ती दलित वस्तींत घेतली, म्हणजे सर्व गांवास पाण्यासाठीं तेथें येणें भाग पडावें. १९७९ सालीं या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. आज दोघेहि हयात नाहींत, पण चौंडीच्या मुलीनें जें बांधलें त्यांत जी उणीव राहिली होती ती तिच्याच तालुक्यांत भरून निघूं लागली, हें पाहून आम्हांस फार समाधान वाटतें.

अहिल्याबाईंचें उत्तरायुष्य सुखाचें झालें नाहीं. सासरे, पति व पुत्र यांच्यामागून त्यांची मुलगी मुक्ताबाई एवढीच उरली होती. मुक्ताबाईंचा मुलगा ऐन तारुण्यांत वारला, आणि १७९१ सालीं त्यांचे यजमान यशवंतराव फणसे हेहि मरण पावले. मुक्ताबाईंनीं सती जाण्याचा निश्चय केला. मातेनें राणीपण विसरून लेकीचे पाय धरले आणि आपणांस एकटें टाकून जाऊं नये म्हणून विनवणी केली. पण मुलगी ऐकेना. ज्या स्त्रीस सासऱ्याच्या एका शब्दानें चितेपासून परत आणलें होतें, तिच्या शब्दानें तिची स्वतःची लेक परत आली नाहीं. नर्मदेच्या वाळवंटांत तो सोहळा त्यांनीं उभें राहून पाहिला, आणि मग शोक अनावर होऊन त्यांस दोन माणसांनीं धरून ठेवावें लागलें, असें माल्कमसाहेबांनीं लिहून ठेवलें आहे. राज्यांत त्यांचा शब्द अखेरचा असे. परंतु रूढीपुढें, विहिरीवर काय किंवा चितेवर काय, तो तोकडा पडला.

१३ ऑगस्ट १७९५ रोजीं, सत्तर वर्षांच्या वयांत, महेश्वर येथें त्यांनीं देह ठेविला. दोन वर्षांनीं तुकोजीहि गेले, आणि होळकरांच्या घरांत वारसाहक्काचीं भांडणें व लढाया सुरू झाल्या. राज्य बुडालें, खासगींतून लावून दिलेल्या पूजा व अन्नछत्रें मात्र पुष्कळ ठिकाणीं चालूच राहिलीं. बारवा कांहीं बुजल्या, कांहींत कचरा सांठला. अलीकडे कित्येक गांवांत तरुण मंडळींनीं एकत्र येऊन त्यांतील गाळ काढण्यास आरंभ केला आहे. त्यांचें पाणी पिण्यास नव्हे, पण झाडांस व गुरांस उपयोगी पडतें, आणि शेजारच्या विहिरींचे झरेहि त्यामुळें जिवंत राहतात.

त्या दिवशीं देवळाबाहेरच्या एका दुकानांतून आम्हीं मुलांसाठीं पिण्याचें पाणी विकत घेतलें. तें पिऊन होतांच प्रश्न विचारणारा तो विद्यार्थी पुन्हां कुंडांत उतरला, आणि पाण्यावर उघड्या राहिलेल्या पायऱ्या मोजून त्यानें तो आंकडा वहींत टिपून घेतला. वैशाखांत परत येऊन त्या पुन्हां मोजाव्या असा त्याचा हट्ट आहे, आणि त्यास घेऊन जाण्याचें आम्हीं कबूल केलें आहे.